वामनरावांचा लाल खोकला

...तर वामनरावांचा तो खाकरा म्हणजे त्यांच्या बायकोचं नाव होतं, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट बशीतच राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

वामनराव म्हणजे आमच्या गावचे फुलमाळी. अकोटाहून येणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून डाव्या हाताला झेंडूचं वावर दिसतं, ते त्यांचं. त्याच्यामागं वांगी-मिरची, आणि वांग्यांच्या मागं घर. झेंडू लावायचा त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, निंदायचा वच्छलाबाईनं, तोडायचाही तिनंच. पोती भरून झाली की शेजारी कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि 'यंदा माल झकास काढला' म्हणायचं, हे वामनरावांचं काम. इतकी चोख वाटणी मी दुसऱ्या कोण्या घरात पाहिली नाही.

आता खाकऱ्याचं. आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव तोंडानं घेत नसे. कोणी 'अवं' म्हणे, कोणी 'आयकलं का', कोणी पोराच्या नावानं हाक मारून त्याच्या मायला बोलवी. आणि ज्या घरात सून आली त्या घरच्या बाप्या माणसानं दारातून खाकरून आत यायचं, म्हणजे सुनेला पदर सारखा करायला वेळ मिळतो, ही रीत तर गावभर. वामनरावांचा बाप डोमाजी असा खाकरायचा की पलीकडच्या आळीतली सूनसुद्धा पदर घेई. वामनरावांनी बापाचं वावर घेतलं, बापाची बैलजोडी विकली आणि बापाचा खाकरा ठेवला. नुसता ठेवला नाही, वाढवला. बापानं तो दारापुरता वापरला होता, लेकानं सगळ्या संसाराला लावला. साधा खाकरला की पाणी. जोडून खाकरला की चहा. शेवटी घशात गुरगुर ठेवली की पाहुणा आला आहे, पोहे टाका. ताटावर बसून खाकरला तर भाजीत मीठ कमी. लग्न झाल्यापासून वच्छलाबाई त्या खाकऱ्याला ओ देत आली.

पुढं मुलगा आणि सून नोकरीपायी अकोल्याला गेले. लेक प्रणाली धामणगाव रेल्वे या गावी दिलेली. घरात उरली वच्छलाबाई आणि एक शेळी. पदर सारखा करायला कोणी नाही, पण वामनराव दारात खाकरायचे ते खाकरतच राहिले, आणि शेळी उठून उभी राहायची. ग्रामपंचायतीत शिरताना खाकरायचे, देवळात देवापुढं खाकरायचे, न्हाव्याकडं आधी नंबर लागावा म्हणून खाकरायचे. एसटीत चढले की ड्रायव्हरपर्यंत जाईल असं खाकरायचे, आणि कोणी उठून जागा दिली नाही तर दिवसभर त्या बसची बदनामी करायचे. छातीत कफ नाही, घशात खवखव नाही, माणूस ठणठणीत. तंबाखूसुद्धा खात नसत, कारण तोंडात काही असलं की खाकरा मोकळा निघत नाही.

अशा माणसाच्या गावात खोकला ऐकणारं यंत्र यावं, याला मी तरी नशीबच म्हणतो.

मागच्या कापूस वेचणीच्या सुमारास एक पांढरी गाडी ग्रामपंचायतीपुढं लागली. तीतून उतरले धर्मेंद्र सर. त्यांचं ऑफिस अकोल्याला जठारपेठेत, साड्यांच्या दुकानाच्या वर. त्या ऑफिसाच्या वर दिल्लीची एक संस्था, आणि त्या संस्थेच्या वर कुठला तरी परदेश. सोबत रागिणी मॅडम, अमरावतीची पोरगी, हातात टॅब. सरांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि भिंतीवर चित्रं दाखवली. आफ्रिकेतला माणूस खोकतो आहे, दक्षिण अमेरिकेतली बाई खोकते आहे, आणि शेजारी पांढऱ्या कोटातली माणसं मोठ्या समाधानानं उभी आहेत. सरांना एका वाक्यात दोनदा 'ग्लोबल हेल्थ' म्हणायची सवय. ते म्हटलं नाही तर वाक्य सुटून पळेल असं त्यांना वाटत असावं.

"हा फोन घरात ठेवायचा," सर म्हणाले. "तो फक्त खोकला ऐकतो. एआय, म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, आवाजावरून क्षयरोगाचा धोका ओळखतो. आणि रंग दाखवतो. हिरवा, पिवळा, लाल."

किराणा दुकानवाला शेषराव मागून बोलला, "म्हंजे डाक्टर नाडी पाह्यते, अन् हा फोन कान लावते."

"अगदी बरोबर."

"अन् हा शिकला कुठी?"

"जगभरातले लाखो खोकले त्याला ऐकवले आहेत."

"आमच्या इकडचे ऐकले का त्यानं?"

"म्हणून तर इथं आलो," सर म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

बायकांत पार्बताबाई बसली होती. वच्छलाबाईच्या वावरात फुलं तोडायला जाते, तीच. तिनं विचारलं, "सासूनं देलेल्या शिव्या ऐकते का हा?"

"नाही मावशी, फक्त खोकला," रागिणी मॅडम म्हणाल्या.

"मंग काय कामाचा."

हसण्यात सभा संपली आणि घराघरांत एकेक फोन गेला. रागिणी मॅडम प्रत्येक दारात एकच सांगत होत्या, की घरात मधोमध ठेवा, सगळ्यांचा आवाज पोचला पाहिजे. कोणी भिंतीतल्या देवळीत ठेवला, कोणी पिठाच्या डब्यावर. वामनरावांनी आपल्या बंडीच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

"काका, खिशात नाही. घराच्या मधोमध."

"बाई," वामनराव म्हणाले, "या घराचा मधोमध म्हंजे मीच."

ती हसली आणि पुढच्या घरी गेली. संशोधन म्हणतात ते आमच्या गावात त्या हसण्यापाशीच संपलं. पुढं जे झालं ती नुसती गाडीची ये-जा.

थोड्याच दिवसांत रागिणी मॅडम घाईघाईनं आल्या. मी तेव्हा वामनरावांच्या ओसरीवरच बसलो होतो.

"काका, तुमच्या घराचा रंग लाल आला आहे."

"म्हंजे?"

"खोकला फार आहे. आम्ही जेवढी घरं घेतली त्यात सगळ्यात जास्त."

वामनराव सरळ बसले. गावच्या शाळेत मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला माणूस आहे. तिथं ते कशातही पहिले आले नव्हते, हजेरीतसुद्धा नाही. "सगळ्यात जास्त?" त्यांनी पुन्हा विचारलं. "अमरावती जिल्हा धरून का?"

"अमरावती धरून."

त्या आनंदात ते खाकरले. आतून वच्छलाबाई गडवा भरून पाणी घेऊन आली.

मी म्हटलं, "मॅडम, हा खोकला नाही. हा बायकोले आवाज देऊन राह्यला. आता तुमच्या डोयानं पाह्यलं, पानी आलं का नाही?"

मॅडमनी टॅबवर बोट फिरवलं. "खोकल्याचं कारण... धूर, तंबाखू, दमा, इतर. हे मी 'इतर'मध्ये टाकते."

"टाका. इतरमंदी बायको टाका."

वामनराव चिडले. "तुमाले काय समजते यातलं? मशीन कायले खोटं बोलन? तिचं काय आपल्याशी वाकडं हाये?"

"घरात आणखी कोणाला खोकला आहे का?" मॅडमनी विचारलं. हे त्यांना विचारावंच लागतं, टॅबवर तसा प्रश्न असतो.

"नाही. घरात खोकनारा मी एकटा."

वच्छलाबाई गडवा धरून चौकटीत उभी होती. मालक उत्तर देत असताना ती मध्ये बोलली असती तर त्या घराचं छप्परच उडालं असतं, निदान वामनरावांना तसं वाटलं असतं.

आणि खोकला तिलाच होता.

हे पार्बताबाईला ठाऊक होतं, कारण ती तिच्या शेजारच्या ओळीत फुलं तोडायची. खोकल्याची उबळ आली की वच्छलाबाई झेंडूत खाली बसायची, पदराचा बोळा तोंडात कोंबायची आणि आतल्या आत हलायची. बाहेर आवाज म्हणाल तर चिमणीएवढा. बाईमाणसानं चार लोकांत मोठ्यानं खोकू नये, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. सासऱ्याच्या, डोमाजीच्या राज्यात तर ती शिंकायलासुद्धा गोठ्यात जायची. संध्याकाळी अंग तापायचं, त्याला ती थकवा म्हणायची. रात्री घाम यायचा, त्याला उकाडा म्हणायची. आणि फोन कुठं होता, तर नवऱ्याच्या बंडीत, बटण लावलेला. नवरा पारावर, नाही तर शेषरावाच्या दुकानात. मशीन बिचारं दिवसभर पारावरच्या गप्पा गाळून त्यातून वामनरावांचा खाकरा वेचत बसलं होतं.

पार्बताबाई गप्प बसणारी नाही. तिनं वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच वामनरावांना गाठलं.

"भाऊ, वयनीले दवाखान्यात न्या. खोकलून खोकलून पोटात गोया येते तिच्या."

"झेंडूची धूळ हाये थे."

"झेंडू काय आजच लावला का? इतके सालं नाही झालं काही."

"मी एवढा लाल असून हिंडून राह्यलो का नाही?" वामनराव म्हणाले. "पेशंट मी हावो, बाई. पेशंटाच्या घरी दुसरं नाटक कायले पाह्यजे?"

लाल रंगाचा माणूस तपासायचा, असा प्रकल्पाचा नियम. पांढरी गाडी आली आणि वामनरावांना अकोल्याला घेऊन गेली. जाताना ते पुढच्या सीटवर बसले आणि काच खाली करून गावातून चालले, नवरदेव जसा चालतो तसे. छातीचा एक्स-रे काढला, थुंकी तपासली. एक्स-रे स्वच्छ, थुंकी स्वच्छ. डॉक्टरनं सांगितलं, तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा. येताना ते मागच्या सीटवर बसले.

दोन तपासण्यांनी सांगितलं, माणूस चांगला आहे. आता कोणी शाळा न पाहिलेला माणूस असता तर म्हणाला असता, यंत्र चुकलं. पण धर्मेंद्र सर फार शिकलेले. त्यांनी जठारपेठेच्या ऑफिसात विचार केला, दिल्लीला फोन लावला, दिल्लीनं परदेशाला लावला, आणि सर्वांनी मिळून ठरवलं की यंत्र बरोबर आहे आणि तपासणीच मागासलेली आहे.

"काका," सर स्वतः येऊन सांगून गेले, "रोग शरीरात दिसायच्या आधी मशीनला आवाजात कळतो, असं आमचं मत बनत चाललं आहे. थुंकी मागाहून बोलेल. तुम्ही ग्लोबल हेल्थच्या दृष्टीनं फार महत्त्वाची केस आहात."

"म्हंजे रोग हाये?"

"आहे असं समजून चालू."

मी त्या ओसरीवर बसून वामनरावांचा चेहरा पाहिला आहे. लेकीचं लग्न जमलं त्या दिवशीही तो इतका उजळला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून गावात त्यांचं एकच वाक्य, "माहा रोग फोटोत येत नाही." भेटेल त्याला. दुधवाल्याला, पोस्टमनला, शाळेच्या पोरांना. कोणाला साखर झाली, कोणाचे गुडघे गेले, कोणाला मुतखडा, असं काही पारावर निघालं की हे मान हलवून म्हणत, "थे सारे फोटोत येनारे रोग."

प्रकल्पाकडून त्यांना अंडी येऊ लागली आणि शक्तीच्या पावडरचा डबा. अंडी उकडायची वच्छलाबाईनं, पावडर दुधात कालवायची वच्छलाबाईनं, आणि मिशीला पांढरी साय लावून पेला खाली ठेवायचा वामनरावांनी. ते चांगले गोल झाले. बंडीचं बटण ताणायला लागलं, खिशातला फोन पोटावर आडवा दिसायला लागला. आणि वच्छलाबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. घरातलं एकूण वजन तेवढंच राहिलं असावं. फक्त इकडचं तिकडं गेलं.

मग निघाली अमरावतीची सभा. एका मोठ्या हॉटेलात हॉल घेतलेला, बाहेरून पाहुणे येणार, आणि वामनरावांना स्टेजवर बसवणार. त्यांनी नवीन टोपी घेतली. वच्छलाबाईलाही सोबत घेतलं, कारण पावडरीचा डबा आणि उकडलेली अंडी सांभाळायला कोणी तरी पाहिजे. गाडीत एक जागा उरली होती, तिच्यात मी बसलो. असली मजा सोडून घरी बसणाऱ्यातला मी नाही.

हॉल थंड. खुर्च्यांना पांढरे अभ्रे आणि मागं गाठी बांधलेल्या. भिंतीवर मोठ्या पडद्यावर वामनरावांच्या खाकऱ्याचं चित्र, म्हणजे वरखाली दातेरी रेघ. एक पाहुणे इंग्रजीत त्या रेघेबद्दल बराच वेळ बोलले. रेघेच्या एका टोकाला लाल गोल केला होता, तिथं रोग आहे असं म्हणत होते. मी निरखून पाहिलं. ती घशातली गुरगुर होती. पोहे टाका.

मग सर म्हणाले, "आता काका प्रत्यक्ष खोकून दाखवतील," आणि माइक वामनरावांच्या तोंडापुढं धरला.

वामनरावांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि डोमाजीच्या घराण्याची अब्रू राखली. असा खाकरले की स्पीकर कुईं करून गेला. आणि हॉलच्या अगदी मागच्या रांगेतून वच्छलाबाई उठली. तिला स्टेज नाही दिसलं, पाहुणे नाही दिसले. साइड टेबलावरून पाण्याची बाटली घेतली, सगळ्या खुर्च्यांमधून चालत पुढं आली, पायऱ्या चढली आणि बाटली नवऱ्याच्या हातात ठेवली.

टाळ्या वाजल्या. कोणी तरी म्हणालं, कुटुंबाची साथ किती महत्त्वाची. फोटो काढले. एवढ्या डोक्यांपुढं, एवढ्या उजेडात, सगळा उलगडा चालत येऊन उभा राहिला होता, हातात बाटली घेऊन, आणि त्याला त्यांनी टाळ्या दिल्या.

त्या पायऱ्यांनीच तिला दम लागला. उतरताना ती कठड्याला धरून थांबली आणि पदर तोंडात घातला. पण या वेळी पदरात मावला नाही. खोकला बाहेर आला, खोल, ओला, थांबता थांबेना असा. पाहुण्यांच्या माना वळल्या. धर्मेंद्र सर लगबगीनं खाली आले.

"मावशी, जरा बाहेर जाऊन बसता का? इथं रेकॉर्डिंग सुरू आहे."

ती बाहेर गेली. दाराजवळच्या कुंडीपाशी जमिनीवर बसली. मी तिच्यामागं गेलो आणि पाणी दिलं. "वयनी, अकोटच्या दवाखान्यात चाला माह्यासंगं," म्हटलं, "उद्याच जाऊ."

ती म्हणाली, "यांचं झालं का तिकडं? यांची अंड्याची येळ झाली."

मी धामणगावला फोन लावला तो तिथूनच. प्रणालीला एवढंच म्हटलं, ये आणि आईला पाहून जा.

प्रणाली धामणगावला शिवणकाम करते. ती आली ती आईसाठी शिवलेला एक ब्लाउज घेऊन, तिच्याकडं असलेल्या जुन्या मापाचा. घरात पाय ठेवला आणि आधी तोच घालायला लावला. ब्लाउज खांद्यावरून खाली उतरला. बाही दंडावर घोळायला लागली. मी ओसरीवर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"कपडा ताणला असन," वच्छलाबाई म्हणाली.

"कपडा नाही ताणला, आई. तू आटली. हात वर कर. अवं माय, बरगड्या मोजता येतात तुह्या."

"काम जास्त झालं थोडं."

"कवापासून खोकून राह्यली?"

"मी कुठी खोकतो? तुह्या बाबाले हाये खोकला."

प्रणाली बाहेर आली. वामनराव पेला तोंडाला लावून बसले होते. "बाबा, आईले कवापासून असं हाये?"

"तिले काय धाड भरली? गाडी येनार हाये उद्या माह्यासाठी, परत थुंकी न्यायची म्हनते. मंग पाहू."

तिनं गाडीची वाट पाहिली नाही. चप्पल घातली, आईला फाट्यावर नेलं आणि एसटीनं अकोटच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं ना टॅब, ना दातेरी रेघ. एक डबी दिली, थुंकी आणा म्हटलं. थुंकीत क्षय निघाला. एक्स-रेत एका बाजूचं फुप्फुस पांढरं दिसलं, अर्धं. हा रोग फोटोत येणारा होता. डॉक्टरीणबाईनं प्रणालीला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी एक पावसाळा असाच गेला असता तर हिला कोणी वाचवू शकलं नसतं. आता गोळ्या न चुकता खाल्ल्या तर वाचेल.

गोळ्या सुरू झाल्या. प्रणालीनं मशीन धामणगावहून मागवून घेतलं, शिवणाचं, तुम्हाला वाटलं दुसरं, आणि माहेरीच ठाण मांडलं. अंडी आता वच्छलाबाईच्या ताटात पडायला लागली. पहिल्याच दिवशी वामनराव जोडून खाकरले. प्रणालीनं सुईवरून मान वर केली नाही.

"बाबा, चाय पाह्यजे असन तं तोंडानं मांगा."

वामनराव उठले. मग शेषरावाच्या दुकानात जाऊन चहा प्याले.

घरात एकाला क्षय निघाला की बाकीच्यांनाही तपासतात. वामनराव फार उत्साहानं गेले. एक्स-रे स्वच्छ, थुंकी स्वच्छ. पुन्हा.

मग एके दिवशी पांढरी गाडी आली. धर्मेंद्र सरांना गावातून कळलं होतं. ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "आश्चर्य आहे. फोननं यांना कसं पकडलं नाही?"

प्रणाली उठली, बापाच्या बंडीचं बटण काढलं, फोन बाहेर ओढला आणि सरांपुढं ठेवला. "हा इथं होता."

सर रागिणी मॅडमकडं वळले. "मधोमध ठेवायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "काकांनी... मी 'इतर'मध्ये टाकलं होतं."

"मंग आता आईचं लिहा," प्रणाली म्हणाली. "तुमच्या त्या परदेशात कळवा, की मशीन ज्याच्या मांगं लागली थो चांगला निघाला, अन् पेशंट घरातच बसला होता."

सरांनी कपबशी खाली ठेवली. "तसं करता येत नाही ताई. लेख छापायला पुढं गेला आहे. आणि तुमच्या आईंचा खोकला रेकॉर्डच झालेला नाही, त्यामुळे त्या आमच्या अभ्यासात बसत नाहीत."

म्हणजे बघा. जिच्या फुप्फुसात रोग आहे ती अभ्यासात बसत नाही, आणि ज्याच्या घशात बापाची ऐट आहे तो बसतो, तोही पुढच्या सीटवर. अमरावतीला तिचा खोकला निघाला होता, भर हॉलात, माइकपासून चार पावलांवर. पण तेव्हा रेकॉर्डिंग सुरू होतं ना, म्हणून तिला बाहेर बसवलं. जगभरातले लाखो खोकले ऐकलेलं ते यंत्र, आणि त्याच्या राखणीला ठेवलेले हे कान.

सर गेले. ते काकांना मात्र सांगून गेले, की तुमचं निरीक्षण चालूच राहील.

आता वच्छलाबाई बरी आहे. भाकर खाते, सकाळी उन्हात बसून फुलं निवडते, आणि खोकला आलाच तर मोकळेपणी खोकते. प्रणालीनं तसा दमच दिला आहे. ब्लाउज अजून ढगळ आहे, पण पडत नाही. परवा मी गेलो तेव्हा ती अशीच फुलं निवडत होती, प्रणाली शिवत होती, आणि वामनराव खिशातला फोन काढून रंग पाहत होते. लालच होता. ते पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

ते प्रणालीलाही दिसलं. तिनं मशीन थांबवलं.

"बाबा, आई मरता मरता वाचली. तुमाले काही वाटते का त्याचं?"

वामनरावांनी फोन खिशात घातला, बटण लावलं, आणि म्हणाले, "वाटते न, काहून नाही वाटनार? पन तिचा रोग साध्या थुंकीत सापडला, पोरी. माहा अजून दुनियेत कोनालेच सापडला नाही."